अठरा तास कुणाचे?

१४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात 'सलग अठरा तास अभ्यास' असतो. तुमच्याकडेही असेल. पहाटे सहाला बुद्धवंदना होते, मुलं सतरंज्यांवर बसतात आणि रात्री बारापर्यंत पुस्तक मिटत नाहीत. दुपारी जेवणानंतर, मुलं पेंगू नयेत म्हणून, तासभर 'मार्गदर्शन' ठेवतात. वस्तीतून पदवीपर्यंत पोचलेलं कुणीतरी उभं राहून बोलतं. यंदा मी बोलले. मी हैदराबादेत समाजशास्त्रात पीएच.डी. करते, गाव परभणी जिल्ह्यातलं. मंडळाच्या दृष्टीनं मी 'आदर्श' वगैरे.

मी तेच बोलले जे असे सगळे बोलतात. वेळेचं नियोजन करा. बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे, आपण निदान दहा तरी करू. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला रोज ठरावीक तास द्या, मोबाईल बाजूला ठेवा, समतोल साधा. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. अकरावी सायन्सची परीक्षा नुकतीच दिलेली, डेंटलला जायचं म्हणते. तिनं विचारलं, "ताई, मग पाणी कवा भरायचं?"

सगळे हसले. मीही हसले, आणि काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन खाली बसले. हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

त्या मुलीचं टाइमटेबल मी नंतर तिच्याकडून लिहून घेतलं. पहाटे पाचला नळावर. आमच्या वस्तीची पाइपलाइन गावाच्या शेवटच्या टोकाला आहे. ती शेवटी का आहे हे तुम्हाला सांगायला नको. पाणी आलं तर तासभर येतं आणि ते येईपर्यंत तिथंच उभं राहावं लागतं. मग भाकऱ्या, कारण आई सातला खुरपणीला जाते. धाकट्या दोघांचं आवरायचं. मग तालुक्याची एसटी. कॉलेज, प्रॅक्टिकल, चारची एसटी चुकली तर सहाची. घरी आल्यावर पुन्हा चूल. रात्री आठला बाप कामावरून येतो, त्याच्यासोबत घरातला एकमेव मोबाईल येतो, आणि तेव्हा तिच्या नीटच्या व्हिडिओंचा 'क्लास' सुरू होतो. साडेदहाला तिचे डोळे मिटतात. यात अभ्यासाचे सलग तास किती? मी मोजले तर अडीच आले. एसटीतली चाळीस मिनिटं सीट मिळाली तर धरायची.

आता या अडीच तासांत तिनं काय बसवायचं ते बघा. बाहेरून वाटतं, बारावी सायन्स म्हणजे एक अभ्यास. तसं नाही. बोर्डासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ७० गुणांची लेखी आणि ३० ची प्रॅक्टिकल. तिथं सूत्र पायरीपायरीनं सिद्ध करायचं, आकृती काढायची, जर्नल पूर्ण करून सही घ्यायची. शिवाय इंग्रजी आणि बाकीचे विषय आहेतच. नीटसाठी तोच फिजिक्स, पण १८० मिनिटांत १८० प्रश्न. म्हणजे प्रश्नाला एक मिनिट, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. ७२० पैकी निम्मे, ३६० गुण एकट्या बायोलॉजीला. बोर्डाला हळू आणि सविस्तर लिहायची सवय लागते, नीटला ती सवय मोडावी लागते. एकाच धड्याचा दोनदा, दोन वेगळ्या हातांनी अभ्यास. आणि अकरावीचा पोर्शन नीटला निम्मा असतो, तो बारावीतही सोबत वागवायचा.

हे ओझं जड आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी ते आधीच हलकं करून घेतलंय. त्याला 'इंटिग्रेटेड' म्हणतात. कॉलेजात नाव, बसायचं क्लासमध्ये, हजेरी कागदावर, जर्नल तयार, दिवसभर फक्त नीट. बोर्डात आरक्षित वर्गाला ४० टक्के आणि खुल्याला ५० टक्के मिळाले की पात्रता झाली, बाकी सगळा खेळ नीटच्या गुणांवर. मग बोर्डावर वेळ कशाला घालवायचा? त्यांचा हिशोब अगदी बरोबर आहे. २०१८ मध्ये राज्य सरकारनं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांना बायोमेट्रिक हजेरीची सक्ती केली ती याच प्रकारामुळे. तरी 'इंटिग्रेटेड'चे फ्लेक्स आजही प्रत्येक तालुक्याच्या स्टँडवर बघा.

म्हणजे ज्याची ऐपत आहे तो अर्धं ओझं विकत उतरवतो. ज्याची नाही त्याला आपण सांगतो, समतोल साध. समतोल हा शब्द मला आता ऐकवत नाही. ज्याच्या तराजूच्या एकाच पारड्यात सगळं टाकलंय त्याला दांडी सरळ धर म्हणायचं, आणि दांडी कलली की दोष धरणाऱ्याच्या मनगटाचा!

माझंही मनगट असंच कमजोर ठरलं होतं.

मी २०१४ ते २०१६ लातूरला होते. दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी माध्यम, ९१ टक्के, गावात सत्कार झाला होता. डेंटलला जायचं हे माझ्या डोक्यात आजीमुळे आलं. आजी मिश्री लावायची. पन्नाशीत तिचे पटाशीचे दात गेले, मग सुळे, मग दाढा दुखून दुखून. दात काढायला तालुक्याला जावं लागायचं, आणि तिथला डॉक्टर तिला लांबूनच तोंड उघडायला लावायचा, असं ती सांगायची. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांच्यातल्या कुणाचा हात औषध म्हणून लोकांच्या तोंडात जाईल, या कल्पनेनं मला तेव्हा गुदगुल्या व्हायच्या. आजही होतात.

लातूरला पहिल्याच आठवड्यात मला कळलं की मला विज्ञान येत नाही. म्हणजे मला तसं वाटलं. सर मायटोकॉन्ड्रिया म्हणाले, मी वहीत काहीतरी गिचमिड लिहिलं आणि शेजारणीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख होती. मला ती गोष्ट पूर्ण नवी वाटली. दोन आठवड्यांनी आकृती दिसली तेव्हा लक्षात आलं, ही तर तंतुकणिका! ही मी शाळेत रंगीत पेन्सिलीनं काढली होती, बाईंनी ती भिंतीवर लावली होती. क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक, एन्झाइम म्हणजे विकर, मोमेंटम म्हणजे संवेग, व्हॅलन्सी म्हणजे संयुजा. मला माहीत असलेलं सगळं विज्ञान एका रात्रीत माझ्यापासून हिरावून घेतलं होतं आणि ते मला दुसऱ्या नावानं पुन्हा विकत घ्यायचं होतं. बायोलॉजीच्या पुस्तकाचं एक पान डिक्शनरी घेऊन वाचायला मला पाऊण तास लागायचा. माझ्या खोलीतल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीला दहा मिनिटं. तिचा तास आणि माझा तास घड्याळात सारखाच दिसायचा.

या भाषांतराच्या कामाला कुठल्याही टाइमटेबलमध्ये रकाना नाही. कुणी त्याला विषय मानत नाही, त्याला गुण नाहीत, त्याचा शिक्षक नाही. आपल्यातल्या हजारो मुलांनी दहा वर्षं मराठीतून विज्ञान शिकायचं आणि अकराव्या वर्षी ते इंग्रजीतून आलंच पाहिजे असं धरून चालायचं, याला व्यवस्था म्हणतात. आता राज्य मंडळाला अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत मराठी-इंग्रजी संज्ञांचं एक पातळ पुस्तक आणि रोज एक तास देणं जमणार नाही? जमेल. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीत काढता येते, तर अकरावीला पूल बांधता येतोच. मागणी करणारे कमी पडतात, कारण ज्यांना गरज आहे ती मुलं स्वतःला मठ्ठ समजण्यात गुंतलेली असतात.

खोली मिळवण्यातच माझा एक महिना गेला होता. आडनाव विचारून दोन ठिकाणी 'भरली' म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी चौघींनी मिळून राहिलो. मग आलं २०१६.

लातूरकरांना ते वर्ष सांगावं लागत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात आली, देशभरच्या वाहिन्यांनी तिचं स्वागत दाखवलं. त्याच्या आदल्याच दिवशी, ११ एप्रिलला, सर्वोच्च न्यायालयानं नीट रद्द करणारा आपला २०१३ चा निकाल मागे घेतला होता. आम्ही चौघी रात्री टँकरच्या रांगेत पाळ्या लावून उभ्या, हातात सीईटीच्या नोट्स, आणि रांगेतच कळलं की कदाचित परीक्षाच बदलणार. आम्ही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर सीईटीची तयारी केली होती. नीट एनसीईआरटीवर. १ मेला नीटचा पहिला टप्पा झाला. ५ मेला आम्ही सीईटी दिली. ९ मेला न्यायालयानं सांगितलं, फक्त नीटच चालेल. २४ मेला केंद्रानं अध्यादेश काढला, वैद्यकीयसाठी एक आणि डेंटलसाठी दंतवैद्यक कायद्यात दुरुस्ती करणारा दुसरा, की या वर्षापुरत्या राज्याच्या जागा राज्याच्या परीक्षेवर भरता येतील. त्या पंधरा दिवसांत ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी एनसीईआरटीचे संच आणि क्रॅश कोर्स घेतले, सीईटी रद्द झाली तरी आणि राहिली तरी त्यांचं नुकसान नव्हतं. माझ्या खोलीमालकानं पाणी नाही म्हणून खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. मी गावी आले, कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला आईसोबत गेले, आणि रेडिओवर अध्यादेशाची बातमी ऐकली.

डेंटलला मी बसले नाही. सरकारी डेंटल कॉलेजं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी, मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि महापालिकेचं नायर. तिथला कट-ऑफ माझ्यापासून फार लांब नव्हता, पण होता. क्लासचे सर म्हणाले, "तुझं टाइम मॅनेजमेंट चुकलं." त्यांनी ते प्रेमानंच म्हटलं. मी ते वाक्य पाच वर्षं खरं मानलं. बी.ए.ला बसून, एम.ए. करताना, नेट देताना, मनात तेच. समाजशास्त्र शिकूनही स्वतःवर ते लावायला मला इतका वेळ लागला, यावरून ते वाक्य किती खोल जातं ते ओळखा.

आमच्या चौघींतल्या एकीला बीडीएस मिळालं. तिला विचारा समतोल काय असतो. पहिल्या वर्षाला शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, दातांची रचना व हिस्टोलॉजी. दुपारभर मेणाच्या ठोकळ्यातून दाढ कोरायची. दाढेचा एक उंचवटा चुकला की ठोकळा फुकट, नवा घ्या. हत्यारांचा संच स्वतःचा. शिष्यवृत्ती फीची आहे, ती कधी येईल ते मंत्रालय जाणे. मेणाची आणि हत्यारांची तर नाहीच. ती एका वर्गमैत्रिणीचं कार्व्हर मागून घ्यायची, म्हणजे मैत्रिणीचं कोरून होईपर्यंत तिनं थांबायचं. शिक्षकांच्या वहीत नोंद झाली: कामात संथ. (ती आज उत्तम डॉक्टर आहे. हे सांगायलाच हवं, नाहीतर कुणीतरी म्हणेलच की आरक्षणानं आलेले टिकत नाहीत.)

आता आपल्या आवडत्या अठरा तासांकडे येऊ. बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला हे आपण सांगतो ते अभिमानानं, आणि त्यात चूक काही नाही. चूक ही की आपण गोष्ट अर्ध्यावर सोडतो. १९१३ ला ते कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ ला लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली. जगातला एवढा मोठा अभ्यासू माणूस, पण पैसे संपल्यावर त्याचेही अठरा तास थांबले. १९२० ला पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅममधल्या नोकरीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडचं कर्ज घेऊन. आणि ते लंडनच्या ग्रंथालयात बसले होते तेव्हा मुंबईत चूल कोण पेटवत होतं? रमाईनं. उपास काढले, लेकरं गमावली. बाबासाहेबांचे अठरा तास म्हणजे रमाईचेही अठरा तास. आपण मुलींना पहिले अठरा तास मागतो आणि घरी त्यांच्याकडून दुसरे अठरा करून घेतो. चोवीसात छत्तीस बसत नाहीत.

बाबासाहेबांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळलं होतं. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा त्यांनी नोकरी करणाऱ्या मुलांना वेळेचं नियोजन शिकवलं नाही. कॉलेजच सकाळचं ठेवलं. औरंगाबादला १९५० ला मिलिंद काढलं तेव्हा त्यासोबत वसतिगृहं उभी केली. विद्यार्थ्याला संस्थेच्या वेळापत्रकात कोंबायचं नाही, संस्थेचं वेळापत्रक विद्यार्थ्याच्या कष्टाभोवती बसवायचं. हा खरा आंबेडकरी विचार आहे शिक्षणाचा, आणि आपण त्याच्या जागी सतरंजी अंथरून बसलोय.

"पण अमक्याची पोरगी त्याच परिस्थितीतून झालीच ना डॉक्टर?" हे विहारात हमखास ऐकू येतं. झाली, जय भीम तिला. तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता आठवा. दलित, बाप तिरुचीच्या बाजारात हमाल. बारावीला १२०० पैकी ११७६. तिनं समतोल साधला नव्हता असं कुणी म्हणू शकेल? २०१७ ला परीक्षा बदलली, नीटमध्ये ७२० पैकी ८६. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १ सप्टेंबरला तिनं जीव दिला. तामिळनाडूनं तिच्यासाठी टाइम मॅनेजमेंटची शिबिरं घेतली नाहीत. २०२० ला सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांना वैद्यकीय आणि डेंटलमध्ये साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी अशी मागणी कुठल्या मोर्चात ऐकली? मी तरी नाही. आपले मोर्चे नाहीत असं नाही, पण शिक्षणाचा विषय निघाला की आपण मागणी सोडून उपदेशावर येतो.

खुद्द सर्वोच्च न्यायालयानं २० जानेवारी २०२२ ला, अखिल भारतीय कोट्यातल्या वैद्यकीय आणि डेंटल जागांवर ओबीसींचं २७ टक्के आरक्षण कायम ठेवताना, मान्य केलं की स्पर्धा परीक्षेतले गुण म्हणजे गुणवत्ता नव्हे. घर, शाळा, पैसा, ओळखी, सगळं त्या आकड्यात मुरलेलं असतं. न्यायालयाला हे पटलं. आमच्या मंडळाच्या सचिवांना पटत नाही. ते म्हणतात, अशानं पोरं कारणं शोधायला शिकतील.

मी त्यांना म्हटलं, काका, कारणं शोधणं हाच तर माझा धंदा आहे. ते चिडले. त्यांची भीती मला कळते. त्यांनी स्वतः गिरणीच्या पाळ्या करत बी.कॉम. केलं, त्यांना 'परिस्थिती' हा शब्द शरण जाण्यासारखा वाटतो. पण मुलीला तिचं ओझं मोजून दाखवणं म्हणजे तिला बसवणं नव्हे. मला कुणी २०१६ ला मोजून दाखवलं असतं, तर मी मठ्ठ नाही एवढं तरी कळलं असतं, आणि मी दुसरा प्रयत्न केला असता. शरण मी गेले ती कारण माहीत नव्हतं म्हणून.

म्हणून पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनो, तुम्ही आणि मी, जे दर एप्रिलला पाहुणे म्हणून जातो, आपल्याला विनंती. माइक हातात आला की आधी विचारा, पाणी कोण भरतं? समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज कुणी भरलाय, आणि जागा जूनला मिळाली की दिवाळीनंतर? महाडीबीटीवर कुणाचा अर्ज कशासाठी अडकलाय? जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पडताळणी, यासाठी कुणाचे किती दिवस तहसीलला गेले? आपल्याला त्या खिडक्या माहीत आहेत, आपण तिथं उभे राहिलोय. टॉपरच्या टाइमटेबलचं पीडीएफ पाठवायला आपली गरज नाही, ते तिला कुणीही पाठवेल. आणि बापांना, भावांना समोर बसवा. अठरा तासांच्या सतरंजीवर मुलगी बसते तेव्हा त्या दिवशीच्या भाकरी कोण करतं, हे सगळ्यांदेखत विचारा. यंदा आमच्याकडे करत होत्या त्या तिथंच बसलेल्या मुलींच्या आया, विहाराच्या मागं, तीन दगडांवर.

त्या मुलीसाठी सध्या एवढंच झालंय. तिच्या भावानं सकाळचं पाणी घ्यायचं कबूल केलं, आठवड्यातले चार दिवस पाळतो. विहाराची किल्ली तिला मिळावी, संध्याकाळी सहा ते दहा, दिवाबत्तीसह, असं मी मंडळाला लिहून दिलंय. पुढच्या एप्रिलला मला बोलवायचं असेल तर ही किल्ली दिलेली असली पाहिजे, अशी अटही घातलीय. सचिवकाकांनी संदेश वाचलाय, दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही. नीट मेमध्ये आहे.